दोघी विहिणी, एक डोंगरधार

माझी शाळा गंगाखेडच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. एकोणीस वर्षं मी त्याच एसटीनं जाते-येते आहे. गाव सुटलं, उसाचे फड मागं पडले की काळी जमीन हळूहळू मुरमाड होत जाते आणि समोर बालाघाटची धार दिसायला लागते. फार उंच नाही. सह्याद्री पाहिलेला माणूस तिला डोंगर म्हणायलाही तयार होणार नाही. पण आमच्या सपाट मुलखात तेवढी उंचीसुद्धा नजरेत भरते.

एकदा चौथीच्या वर्गाला मी जिल्ह्याचा नकाशा शिकवत होते. वर जिंतूरकडचे डोंगर, मधून गोदावरी, खाली बालाघाट. एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्यो आपला डोंगर कुठून सुरू होतो आन् कुठं सरतो?"

"परळीकडून येतो आणि पालमच्या पुढं लोह्याकडं जातो," मी सांगितलं.

"तुमी बघितलाय?"

"न्हाई," मी म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांच्यातही कुणी पाहिलेला नव्हता. पण मला ते लागलं. इतकी वर्षं ज्याच्या पायाशी बसून मी पोरांना त्याचं नाव घोकायला लावत होते, त्याच्या माथ्यावर मी एकदाही गेले नव्हते.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी आमच्या ह्यांना सांगितलं, "मला हा डोंगर चालायचाय. आपल्या जिल्ह्यात जेवढा आहे तेवढा. एका दमात नाही, सुट्टी मिळेल तसा तुकड्या-तुकड्यानं. आज जिथं थांबले, पुढच्या खेपेला तिथूनच पुढं."

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते खुर्चीतूनच म्हणाले, "चाल की. पण एकटीनं नको. आणि मी तर जिना चढताना देवाचं नाव घेतो."

सोबत शोधायला लागले. शाळेतल्या दोघी शिक्षिका आधी हो म्हणाल्या आणि शनिवारी संध्याकाळी एकीच्या घरी पाहुणे आले, दुसरीचं डोकं दुखायला लागलं. दसरा झाला, दिवाळी झाली. सोबत मिळाली ती दिवाळीनंतर, आणि जिच्याकडून मी स्वप्नातही अपेक्षा केली नसती तिच्याकडून.

माझी मुलगी पालमला दिली आहे. जावयाचं आणि त्याच्या वडिलांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माझी विहीण म्हणजे कमी बोलणारी, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण आम्हा दोघींत 'बसा', 'घ्या ना', 'राहू द्या, राहू द्या' याच्यापलीकडं बोलणं गेलं नव्हतं. मुलीकडची विहीण मी. आमच्याकडं मुलीच्या आईनं चार पावलं मागंच उभं राहायचं असतं. त्या घरी आल्या की मी दोनदा फरशी पुसायची आणि चहात साखर जास्त झाली का कमी, याचा रात्रीपर्यंत विचार करायची.

भाऊबिजेनंतर त्या माझ्या लेकीला आणि जावयाला घेऊन आमच्याकडं आल्या होत्या. जेवताना ह्यांनी माझी थट्टा केली. "आमच्या बाईंना डोंगर चालायचाय, पण सोबत कुणी मिळेना. आता पेपरात जाहिरात द्यायची राहिली."

सगळे हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि खाली बघतच विचारलं, "कंच्या वाराला जायचंय?"

"रविवारी म्हणत होते मी. पण आपलं उगंच—"

"मी येते."

जावई आईकडं बघतच राहिला. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. विहिणीला डोंगरात कसं न्यायचं? पाय मुरगळला तर? पोरीला काय ऐकावं लागेल? मी म्हणाले, "तुमाला त्रास हुईल, इहीणबाई."

त्या म्हणाल्या, "माझं माहेर डोंगरातलंच हाय. लग्नाआधी धा-बारा शेरडं होती माझ्या हवाली. त्रास कशाचा?"

ही गोष्ट मला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

पहिला तुकडा परळीकडच्या हद्दीपासून. ह्यांनी एका ओळखीच्या जीपवाल्याला सांगून आम्हाला हद्दीजवळच्या फाट्यावर सोडलं. मी पंजाबी ड्रेस घातला होता, पायात नवे कोरे बूट, पाठीवर मुलीची कॉलेजची सॅक. विहीणबाई नऊवारीत. कासोटा घट्ट मारलेला, पायात लेकाचे जुने खेळायचे बूट, बोटं पुढं पोकळ राहू नयेत म्हणून आत दस्ती, म्हणजे हातरुमाल, कोंबलेली. एका हातात काठी आणि कमरेला पानाची चंची.

पहिला तासभर आम्ही दोघी फार सांभाळून चाललो.

"तुमी व्हा फुडं."

"न्हाई न्हाई, तुमी."

वाट एका माणसापुरती, आणि आम्ही दर वळणावर थांबून एकमेकींना मान देत होतो. शेवटी एका घळीपाशी वाटच संपली. समोर गुडघाभर वाळलेलं गवत आणि वर दगडांचा चढ. मी फोन काढून नकाशा बघायला लागले. नकाशावर आमचा निळा ठिपका हिरव्या पसाऱ्यात एकटाच लुकलुकत होता.

विहीणबाईंनी फोनकडं बघितलं, मग गवताकडं बघितलं. खाली वाकून त्यांनी एक वाळकी लेंडी उचलली, बोटांत चुरगाळली आणि म्हणाल्या, "हिकडनं शेरडं गेलीत. शेरडं जातात तिथं वाट असतीच. या माझ्या मागं."

आणि त्या चढल्या. कशा चढल्या ते मला अजून सांगता येत नाही. काठी टेकत, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, वजनच नसल्यासारख्या. मी हाताचा आधार घेत, धापा टाकत मागं. वर पोचले तेव्हा त्या माथ्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. वाऱ्यानं केव्हाच मागं टाकला होता आणि त्यांनी तो परत घेतला नव्हता.

माथ्यावरनं उत्तरेला सगळा आमचा मुलूख पसरलेला. उसाचे हिरवे पट्टे, तुरीचे पिवळे, मध्ये चिंध्यांसारखी विखुरलेली गावं आणि लांब, डोळे बारीक करून बघितलं की, गोदावरीची एक चकाकणारी रेघ.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "एवढं हाय व्हय."

त्या पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम दोन टेकड्या चाललो. माझ्या सलवारीत इतकी कुसळं रुतली की बसता येईना. एका झाडाखाली आम्ही तासभर कुसळंच वेचली. माझी मी, आणि मला न पोचणारी त्यांनी. मुलाची आई मुलीच्या आईच्या पाठीमागं बसून तिची कुसळं काढते आहे, हे आमच्या गल्लीतल्या बायकांनी बघितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या बारीला लुगडं नेसा. ह्या पायजम्यानं आख्खा डोंगर घरी न्यायलात तुमी."

जिथं थांबलो तिथं त्यांनी एकावर एक तीन दगड रचले. पुढच्या रविवारी तिथूनच पाय टाकायचा, एक पाऊल इकडं नाही की तिकडं नाही. या बाबतीत त्या माझ्याहून कडक निघाल्या. दुसऱ्या खेपेला कुणाच्या तरी गुरांनी ते दगड पाडलेले होते आणि नेमकी जागा सापडेना. मी म्हणाले, इथंच कुठं तरी होती, चला. त्या तयार नव्हत्या. शेवटी मागच्या वेळी आम्ही खाल्लेल्या बोरांच्या बिया सापडल्या, तेव्हा कुठं त्या हलल्या.

असे आमचे रविवार सुरू झाले. मी गंगाखेडहून निघायची, त्या पालमहून, आणि ठरलेल्या फाट्यावर भेटायचो. परतायला एसटी, नाहीतर वाटेत मिळेल ते. माझ्या डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी असायची. त्यांच्या फडक्यात भाकरी, ठेचा, कांदा आणि कशाची तरी कुस्करलेली चटणी. दुसऱ्या रविवारपासून मी डबा त्यांच्यापुढं ठेवून त्यांचं फडकं माझ्याकडं ओढायला लागले. त्यांना पोळ्या आवडायच्या, मला भाकरी.

डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवर मात्र आमचं काय करायचं ते कुणाला कळेना. दोन प्रौढ बायका, एकीच्या पाठीवर सॅक, दुसरीच्या हातात काठी, ना देव ना लग्न ना मयत. एका वाडीवर पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं आम्हाला अडवलं.

"कुण्या खात्याच्या?"

"कुठल्याच नाही बाबा. चालायलाव आपलं."

"मोजणीच्या हाव का? पवनचक्कीवाले आल्ते मागं. त्येंनीबी असंच म्हनलं, चालायलाव."

"न्हाई वो. डोंगर बघायलाव."

"डोंगर काय बघायचा?" म्हाताऱ्यानं मागं वळून डोंगराकडं असं बघितलं, जणू तिथं रातोरात काही नवीन उगवलंय. "त्यो तर हायच."

तेवढ्यात चार बायका गोळा झाल्या. एकीनं खात्री करून घेतली की मी मास्तरीण आहे, आणि लगेच घरात जाऊन कागद आणला. लेकीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. मी पारावर बसून तो भरून दिला. मग दुसरीनं रेशन कार्डातलं नाव दाखवलं. मी लिहीत बसले आणि विहीणबाईंनी तोवर एका घरात जाऊन ताक मिळवलं, त्या घरच्या दुखऱ्या म्हशीचं पोट बघितलं आणि तिला काय चारायचं तेही सांगून आल्या. निघताना म्हातारा म्हणाला, "मोजणीच्या न्हाईत म्हणतात, पन कामाच्या हायत."

त्या दिवशीचा तुकडा आमचा अर्धाच झाला. पण वाटभर विहीणबाई मधूनच थांबायच्या आणि म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणायच्या, "डोंगर काय बघायचा?" आणि आम्ही दोघी काठीवर रेलून हसायचो. त्यांना नकला करता येतात, हेही मला तेव्हाच कळलं.

येळवशीचा दिवस तर मी कधीच विसरणार नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्या या भागात गावं रिकामी होतात. सगळं घर शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग दिवसभर भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. शाळेला सुट्टी होती. मी विचार केला, घरचं सकाळीच उरकून निघालं तर दिवस मोकळा मिळेल. माथ्यावर कुणी नसेल, मोठा तुकडा होईल.

विहीणबाई म्हणाल्या, "येळवशीच्या दिशी शिवारातनं जायचं म्हनता? बगा बरं."

मला त्याचा अर्थ पहिल्या शेताशीच कळला. बांधावरनं जाताना कोपीतून हाक आली, "अवो बाई, जेवल्याबिगर कुठं?" नाही म्हणायची सोयच नाही. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला उपाशी पुढं जाऊ देणं म्हणजे शेताचा अपमान. आम्ही बसलो. हरभऱ्याचे दाणे, तुरीचे, वालाचे, वांगं, गाजर, चुका, सगळं एकत्र शिजवलेली घट्ट भज्जी आणि त्यावर मातीच्या मडक्यातली गार आंबील. पोटभर जेवून उठलो. दोनशे पावलांवर दुसरी कोप.

"आत्ताच जेवलो तिथं."

"त्येंच्यात जेवलाव, आमचं काय वंगाळ हाय का?"

तिसऱ्या कोपीत आम्ही फक्त खीर घेतली. चौथ्या कोपीत एका आजीबाईंनी माझ्या हातात उंडा दिला आणि तो मी खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पाचव्या शेताला वळसा घालायचा म्हणून आम्ही ओढ्यातून वाकून, लपत निघालो. तर ओढ्यातच त्या शेताचे लोक पाणी भरायला आलेले. तिथं झोका बांधला होता, लिंबाच्या फांदीला, गाडीच्या सोलानं, जाड दोरानं. आम्हाला जेवण जाईना म्हणून त्यांनी आम्हाला झोक्यावर बसवलं. मी आधी लाजले. मग विहीणबाई उभ्यानं चढल्या, दोन्ही दोर धरले आणि असा काही झोका घेतला की खालच्या सुना ओरडायला लागल्या. रिवाजाप्रमाणं शेतभर आंबील शिंपडत पुढं गेलेली माणसंही थांबून बघायला लागली. साठीला आलेली बाई, कासोटा मारलेली, आभाळात जातेय आणि येतेय. खाली उतरल्यावर त्यांचा श्वास वर-खाली होत होता. मला म्हणाल्या, "घरी सांगू नगा."

मी विचारलं, "का?"

त्यांनी थोडा विचार केला. "न्हाई, सांगा. सांगाच."

त्या दिवशी आम्ही पुढं जाऊच शकलो नाही. पाचव्या शेतापाशी तीन दगड रचले आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून खाली आलो.

सगळेच रविवार असे नव्हते. एक रविवार असा आला की आता पुढं चालणं होत नाही, असं मला वाटलं.

माझी मुलगी पालमला एका लॅबमध्ये काम करायची. तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळत होती. तिची जायची इच्छा होती, जावयाचीही होती, पण सासू-सासऱ्यांना कसं सांगायचं म्हणून दोघं अडून बसले होते. मला तिनं फोनवर सांगितलं आणि शपथ घातली. मी चार रविवार विहीणबाईंच्या सोबत चालले, त्यांची भाकरी खाल्ली, पण हे बोलले नाही. पाचव्या रविवारी त्या सहज म्हणाल्या, "पोरीला दुकानाचा हिशोब शिकवावं म्हणते. पुढं तिलाच बघायचंय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तर नांदेडला जायचं म्हणायलीय."

त्या थांबल्या. "कवापासून?"

मी खरं सांगितलं.

"म्हंजी महिनाभर," त्या म्हणाल्या. "महिनाभर माझ्यासंगं चालायलात आन् पोटात ठिवलंत."

"पोरीनं शपथ घातली होती."

"पोरगी तुमची हाय. मी कोन?"

त्या पुढं निघाल्या. मागं वळून बघणं नाही, थांबणं नाही. मी हाका मारल्या नाहीत. माझीच चूक होती आणि तरी मलाही राग आला होता. मनात म्हटलं, शेवटी सासू ती सासूच. अर्धा-पाऊण तास आम्ही तशाच चाललो, त्या पुढं, मी मागं. डाव्या हाताला खोल घळ, पलीकडच्या कड्याला मोहोळं लटकलेली. मी त्या मोहोळांकडं नीट बघितलंही नाही.

एक मोठा शिकारी पक्षी वरून आला आणि त्यातल्या एका मोहोळावर धडकला. त्याबरोबर कड्यावरून काळा ढग सुटल्यासारखं झालं. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. मी उभीच राहिले. पुढून विहीणबाई धावत मागं आल्या. पुढं पळून जाणं त्यांना सोपं होतं, पण त्या माझ्याकडं आल्या. माझा दंड धरून त्यांनी मला एका खबदाडात खाली पाडलं, खांद्यावरची जाड शाल दोघींवर ओढली आणि कानात म्हणाल्या, "हलू नगा. श्वासबी हळू घ्या."

शालीखाली अंधार. बाहेर घोंघावणं. आमची नाकं एकमेकींना लागतील इतक्या जवळ आम्ही पालथ्या पडलेल्या. माझ्या पायाला दोन डंख बसले, मी ओठ चावला. त्यांच्या मनगटाला बसला तेव्हा त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. किती वेळ गेला कळलं नाही. आवाज कमी व्हायला लागला तेव्हा त्या कुजबुजल्या, "मला राग पोरगी जायली म्हणून न्हाई आला."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "मी सांगायला पाहिजे होतं."

"व्हय. पाहिजे होतं." मग थोड्या वेळानं, "मला माझ्या सासूनं माहेराला जाऊ दिलं तरी मी तिच्या पाया पडायची. नांदेडला नोकरी म्हंजी काय, मला तर कळतच न्हाई. पन जावं तिनं. पोरगाबी जाईल संगं. दुकान हे सांभाळतेत आजून."

 मी अंधारात चाचपून त्यांचा हात धरला; वर शालीवर एक माशी बसलेली.

"पन येक," त्या म्हणाल्या. "तिनं मला सोता सांगावं. मला म्हाईत हाय असं तुमी बोलू नगा."

"म्हणजे आता तुमच्यासाठी मी पोटात ठेवायचं?"

शालीखाली त्यांना हसू आलं. मग मलाही. हसायचं नाही, हलायचं नाही, वर माशा; आणि दोघींची पोटं गदगदतायत. माशा निघून गेल्यावर बाहेर आलो, तेव्हा आमचे डोळे पाण्यानं भरलेले होते आणि ते कशाचं पाणी ते सांगता आलं नसतं. त्यांनी चंचीतला चुना काढून माझ्या पायाला लावला. मी त्यांच्या मनगटाला.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. "आई, मी सांगितलं गं सासूबाईंना! मला वाटलं घर डोक्यावर घेतील. त्या म्हणाल्या, खोली हवेशीर बघा. नुसतं एवढंच! त्यांना काही धक्काच बसला नाही."

"अगं बाई, हो का?" मी म्हणाले. मला वाटतं, आयुष्यात मी एवढं चांगलं नाटक कधी केलं नाही.

शिमगा झाल्यावर उन्हानं माथ्यावर पाय ठेववेना, म्हणून आम्ही थांबलो. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या हिवाळ्यात मला चढ सोपे जायला लागले. एका सकाळी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आमच्या पुढ्यातून उड्या मारत गेला आणि आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून उभ्या राहिलो. एका तांड्यावर बायकांनी विहीणबाईंच्या नऊवारीला आणि त्यांनी बायकांच्या आरशाच्या ओढण्यांना हात लावून बघितलं. भाषा अर्धी कळत नव्हती, पण तासभर बोलणं झालं. सीताफळांच्या दिवसांत आम्ही एक तुकडा केवळ सीताफळं खात पार केला. असं होत होत पालमच्या पुढचा शेवटचा तुकडा राहिला.

त्या दिवशी मी मनातल्या मनात काही तरी मोठं ठरवून निघाले होते. हद्दीवर उभं राहून काय वाटेल, काय बोलायचं. दुपारी आम्ही एका उतारावर तुरीच्या शेतात आलो. एक बाई तूर कापत होती. मी तिला विचारलं, "परभणी जिल्ह्याची हद्द कुठं आली हो?"

तिनं विळा दाखवून सांगितलं, "ह्या अंगाला परभनी. त्या अंगाला नांदेड. शेत माझंच हाय दोन्हीकडं."

आम्ही दोघी बांधावरून पलीकडं गेलो. पलीकडं तूरच होती. डोंगर तसाच पुढं गेला होता, एकामागं एक निळी धार. विहीणबाईंनी वाकून दगड शोधायला सुरुवात केली, तीन रचायला, आणि मग थांबल्या. "ह्यो आता कशाला? तुरीच्या बांधावर बाईला आडवा यील," म्हणून त्यांनी हातातला दगड टाकून दिला. त्या बाईनं आम्हाला तुरीच्या अजून ओल्या राहिलेल्या शेंगा उकडून दिल्या. मीठ घालून. आम्ही तिघी बांधावर बसून खात राहिलो. मी ठरवलेलं मोठं काही बोलले नाही. तोंड भरलेलं होतं.

खाली रस्त्यावर आलो तर एसटी नुकतीच निघून गेलेली. आम्ही पुलावर बसलो. तेवढ्यात बायकांनी खच्चून भरलेला एक टेंपो आला. लग्नाची हळद घेऊन नवरदेवाच्या गावाहून नवरीकडं निघालेल्या. हात केला, थांबला, आम्हाला वर ओढून घेतलं. गाणी चालू होती, ताशाच्या जागी स्टीलचा डबा वाजत होता.

एका थोराड बाईनं विचारलं, "कोन गं तुमी दोघी? जावा-जावा?"

"न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "आमी इहिणी."

टेंपोत एकच कल्ला झाला. लग्नाचं वऱ्हाड आणि त्यात आयत्या सापडलेल्या विहिणी! आता सोडतात काय? "इहिणीनं इहिणीला गाणं म्हना! म्हनल्याबिगर खाली उतरू देनार न्हाई!" डबा जोरात वाजायला लागला. मी मुलीची आई, मी मान खाली घातली. विहीणबाईंनी मात्र टेंपोचा दांडा धरला, माझ्याकडं बघितलं आणि तिथल्या तिथं जुळवून सुरू केलं:

"माझी इहीण शिकलेली, नकाशा हाती धरलेली,
उजवीकडं जायचं म्हनली, डावीकडं वळलेली!"

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. माझे कान गरम झाले. मग कुठून बळ आलं कोण जाणे, मीही उभी राहिले:

"माझी इहीण पालमची, दिसायला लय साधी,
भूक न्हाई म्हनता म्हनता माझा डबा संपवी आधी!"

"व्वा गं मास्तरीण!" कुणीतरी ओरडलं. विहीणबाईंनी पुढचं कडवं उचललं, त्यावर मी, त्यावर पुन्हा त्या. कुणी तरी आमच्या दोघींच्या गालांना हळद फासली. टेंपो खड्ड्यातून जायचा तेव्हा सगळ्या जणी एका बाजूला कलंडायच्या आणि गाणं तेवढ्यापुरतं तुटून पुन्हा जुळायचं.

पालमच्या स्टँडवर टेंपो थांबला. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "पालम आलं, पालमच्या बाया उतरा!"

आम्ही दोघींनीही ऐकलं. विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. कडवं अर्धं झालं होतं.

"चल रं, फुडं घे," विहीणबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, आणि डबा वाजवणाऱ्या पोरीला खूण केली.